ओळंबा, प्रतिध्वनी आणि उपग्रह : छोट्या होडीवरील एका यंत्राचा इतिहास

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे वाढवण बंदराची पायाभरणी झाली आणि त्या दिवसाच्या बातम्या बंदरानेच व्यापल्या. त्याच मंचावरून आणखी एका योजनेचा राष्ट्रीय आरंभ झाला होता; तिची वार्ता मात्र आतल्या पानांत राहिली. १३ किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील १ लाख मासेमारी नौकांवर उपग्रहाशी बोलणारे ट्रान्सपाँडर बसविण्याची ती योजना होय. मोबाइलची रेंज जेथे संपते तेथेही नौकेवरून संकटाचा संदेश जावा आणि किनाऱ्यावरून वादळाचा इशारा नौकेपर्यंत पोहोचावा, हा तिचा हेतू आहे.

ही बातमी मी भिलाईत, कोहक्याच्या घरी वाचली. येथून कोणताही समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही त्यानंतर काही दिवसांनी हर्णैहून एका मित्राच्या धाकट्या भावाचा फोन आला. त्याची फायबरची छोटी होडी आहे, आउटबोर्ड इंजिनाची. तो म्हणाला, "दादा, जीपीएसवाला फिशफाइंडर घ्यायचाय. दुकानदार चार मॉडेलं दाखवतो, प्रत्येक चांगलंच म्हणतो. तू फिजिक्सवाला, तूच सांग कुठलं घेऊ." त्या क्षणी मला उत्तर देता आले नाही. यंत्र कसे चालते हे ठाऊक असणे वेगळे आणि कोणाच्या वर्षभराच्या बचतीतून ते विकत घ्यायला सांगणे वेगळे. उत्तर शोधू लागलो तेव्हा या हातभर पेटीत दोन शतकांचा इतिहास दडलेला दिसला. तो इतिहास समजून घेतला की निवडीचा प्रश्न बराच सोपा होतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रारंभ ओळंब्यापासून करू. समुद्राची खोली मोजण्याचे सर्वांत जुने साधन म्हणजे दोरीला बांधलेला शिशाचा गोळा. तो तळाला टेकला की दोरी सैल पडते. मग दोन्ही हात पसरून ती मोजायची. पसरलेल्या दोन हातांमधील अंतर म्हणजे वाव, सुमारे ६ फूट. कोकण किनाऱ्यावर खोली आजही वावांतच सांगितली जाते. गोळ्याच्या बुडाला चरबी किंवा मेण लावले की तळाची वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचे तुकडे त्याला चिकटून वर येत. म्हणजे हे साधन दोन गोष्टी सांगे, पाणी किती आणि तळ कसा. जागा लक्षात ठेवण्याची रीतही तशीच साधी होती. किनाऱ्यावरील देवळाचा कळस आणि मागच्या डोंगराचे टोक एका रेषेत आले, आणि दुसऱ्या बाजूला किल्ल्याचा बुरूज व एखादा माड एका रेषेत आला, की दोन रेषा जेथे छेदतात तेथे आपण. ही शुद्ध भूमिती आहे. तिच्या मर्यादा तीन : रात्र, धुके आणि किनारा दिसेनासा होईल इतके अंतर. आजच्या पेटीतील प्रतिध्वनीचा भाग ओळंब्याची जागा घेतो आणि जीपीएसचा भाग या छेदरेषांची, एवढे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

१८२६ मध्ये जिनिव्हाच्या सरोवरात कोलादाँ आणि स्टुर्म यांनी पाण्याखाली घंटा वाजवली. त्याच क्षणी वर दारूचा भडका उडे. मैलोगणती दूर दुसऱ्या होडीत बसून, पाण्यात बुडविलेल्या कर्ण्याला कान लावून, भडका आणि नाद यांमधील वेळ मोजला गेला. पाण्यातील ध्वनीचा वेग निघाला सेकंदाला सुमारे १४३५ मीटर, हवेतल्याच्या चौपटीहून अधिक. उबदार, खाऱ्या पाण्यात तो आणखी थोडा वाढतो. हिशेबाला १५०० मीटर धरायला हरकत नाही. त्यानंतर १८८० मध्ये पिएर आणि झाक क्युरी या बंधूंना क्वार्ट्‌झसारख्या स्फटिकांत एक विलक्षण गुण आढळला. दाब दिला की त्यांच्या पृष्ठांवर विद्युतभार निर्माण होतो. वीज दिली की ते कंप पावतात, हा उलटा परिणामही पुढच्याच वर्षी सिद्ध झाला. हे दोन धागे एकत्र यायला मात्र एक मोठी आपत्ती व्हावी लागली.

एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली. अंधारातील हिमनग आधी कळावा म्हणून अनेक जण कामाला लागले. जर्मनीत अलेक्झांडर बेम यांना प्रतिध्वनीने हिमनग नीट सापडेना, परंतु समुद्रतळ मात्र उत्तम सापडला. १९१३ मध्ये त्यांनी त्याचे पेटंट घेतले. १९१४ मध्ये रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी न्यूफाउंडलंडजवळ सुमारे दोन मैलांवरील हिमनगाचा प्रतिध्वनी पकडला. मग महायुद्ध आले आणि शोधाचे लक्ष्य हिमनगावरून पाणबुडीकडे वळले. पॅरिसमध्ये पॉल लाँजव्हँ यांनी क्युरी बंधूंच्या स्फटिकाला पोलादी पट्ट्यांमध्ये बसवून पाण्यात श्राव्यातीत ध्वनीचा झोत सोडला. त्या प्रबळ झोताच्या वाटेत आलेले लहान मासे मरून पडत, अशी नोंद त्यांनी केली आहे. श्राव्यातीत ध्वनी आणि मासा यांची पहिली गाठ अशी पडली.

युद्धानंतर हे तंत्र खोली मोजण्याच्या शांत कामाला लागले. १९२५ ते १९२७ या काळात जर्मनीच्या 'मेटेओर' जहाजाने दक्षिण अटलांटिकमध्ये ६७ हजारांहून अधिक खोल्या मोजल्या. ओळंब्याने हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालले असते. तळ आणि जहाज यांमध्ये कधीकधी उमटणारे अस्पष्ट डाग प्रथम दोष मानले गेले. १९३५ मध्ये नॉर्वेच्या ओस्कार सुंद यांनी लोफोटेन बेटांजवळचे असे आलेख प्रसिद्ध केले : ते डाग म्हणजे कॉड माशांचे थवे होते. पुढे १९४८ मध्ये नागासाकीच्या फुरुनो बंधूंनी मासळी शोधण्यासाठीच बनविलेले, मच्छीमाराला वापरता येईल असे यंत्र बाजारात आणले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत लोव्रन्स कुटुंबाने ट्रान्झिस्टरवर चालणारी, लहान होडीत उचलून नेता येईल अशी हिरवी पेटी काढली. छोट्या होडीच्या यंत्राचा वंश तेथून सुरू होतो.

येथे भिलाईच्या वाचकांसाठी एक वळण घेतो. १९२८ मध्ये लेनिनग्राडच्या सर्गेई सोकोलोव्ह यांनी हाच ध्वनी धातूतील भेगा शोधण्यासाठी वापरता येईल असे सुचविले. सोव्हिएत साहाय्याने उभ्या राहिलेल्या आणि १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटलेल्या आपल्या कारखान्यातून निघणारा रूळ आज श्राव्यातीत तपासणीतून जातो. रुळाच्या पोटात भेग असेल तर तेथून प्रतिध्वनी परततो. रुळातील भेग आणि पाण्यातील मासळी, दोन्ही एकाच कारणाने सापडतात : माध्यम बदलले की ध्वनी मागे फिरतो. समुद्र आपल्यापासून दूर खरा. पण 'विक्रांत' या विमानवाहू नौकेचे काही पोलाद येथलेच आहे आणि प्रतिध्वनीचे शास्त्रही आपल्या अंगणातले आहे.

माध्यम बदलण्याचा हा मुद्दा मच्छीमाराच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. माशाचे मांस ध्वनीच्या दृष्टीने जवळजवळ पाण्यासारखेच असते. खरा प्रतिध्वनी येतो तो माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीवरून, वाताशयावरून. ज्या माशांना तो असतो त्यांच्या प्रतिध्वनीचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग त्या पिशवीचाच असतो. घोळ माशाला मोठा वाताशय असतो; त्यालाच परदेशी बाजारात भाव आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये पालघरच्या मुरबे गावातील एका नौकेला एकाच फेरीत दीडशेहून अधिक घोळ मिळाले आणि सव्वा कोटीहून अधिक रुपये झाले, ते त्या पिशवीमुळेच. परंतु सुरमईला वाताशय नसतो, बोंबलाला नसतो, मुशी आणि वागळी यांनाही नसतो. म्हणून पडदा मोकळा दिसला तर खाली मासळी नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. डोल जाळे लावून भरती-ओहोटीच्या प्रवाहावर बोंबील धरणाऱ्याला हे यंत्र फारसे उपयोगी नाही. सुरमईच्या मागे जाणाऱ्याने पडद्यावर सुरमई शोधण्यापेक्षा तिचे भक्ष्य असलेल्या लहान मासळीचे थवे आणि तळाचे चढउतार पाहावेत. जाहिरातीत हे सांगितले जात नाही.

आता पेटीचा दुसरा भाग, 'आपण कोठे आहोत' हा. ऑक्टोबर १९५७ मध्ये स्पुटनिक वर गेला. अमेरिकेतील दोन तरुण भौतिकशास्त्रज्ञांनी, गायर आणि वायफेनबाख यांनी, त्याच्या बीप-बीपची बदलणारी वारंवारता मोजून त्याची कक्षा काढली. लगेच उलटा प्रश्न पुढे आला : कक्षा ठाऊक असेल तर ऐकणाऱ्याची जागा काढता येईल का? त्यातून नौदलासाठी 'ट्रान्झिट' ही प्रणाली आली आणि १९७८ पासून जीपीएसचे उपग्रह वर जाऊ लागले. तत्त्व प्रतिध्वनीचेच, वेळेवरून अंतर. फक्त ध्वनीऐवजी रेडिओलहर, आणि ती परत येत नाही. उपग्रहाच्या घड्याळाने 'मी अमुक क्षणी निघाले' असे सांगायचे आणि आपण पोहोचल्याची वेळ पाहायची. घड्याळात एक मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात ३०० मीटरची चूक. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेनुसार उपग्रहावरील घड्याळ पृथ्वीवरील घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जाते. ती दुरुस्ती केली नाही तर चूक दिवसाला ११ किलोमीटर या गतीने साचत जाईल. हर्णैच्या होडीवर सापेक्षता सिद्धांत रोज कामाला येतो, तो असा.

१ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकलेले कोरियाचे प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडले. २६९ माणसे गेली. त्यानंतर अमेरिकेने जीपीएस नागरी वापरासाठी खुले करण्याचे जाहीर केले. तरी नागरी संकेतात हेतुपुरस्सर भेसळ ठेवलेली होती आणि जागा १०० मीटरपर्यंत चुकत असे. मे २००० मध्ये ती भेसळ काढण्यात आली आणि एका रात्रीत चूक सुमारे १० मीटरवर आली. गेल्या आठवड्यात मासळी मिळाली तोच खडक पुन्हा सापडणे छोट्या होडीला त्यानंतरच शक्य झाले. मात्र यातून एक गोष्ट स्पष्ट झाली की ज्याचे घड्याळ त्याची सत्ता. भारताने १ जुलै २०१३ पासून स्वतःचे उपग्रह पाठविले आणि २०१६ मध्ये सातांचा ताफा पूर्ण झाल्यावर त्याला 'नाविक' हे नाव मिळाले. हा मार्ग सुखाचा झाला नाही. पहिल्याच उपग्रहावरील तिन्ही आयात अणुघड्याळे बंद पडली; त्याच्या जागी ऑगस्ट २०१७ मध्ये पाठविलेला उपग्रह उष्णताकवच न सुटल्याने वाया गेला. मे २०२३ मध्ये स्वदेशी रुबिडियम घड्याळ घेऊन नवा उपग्रह गेला. जानेवारी २०२५ मध्ये त्याच मालिकेतील दुसरा मात्र नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. म्हणून केवळ एका प्रणालीवर विसंबणारे यंत्र घेऊ नये. जीपीएसबरोबर अन्य देशांच्या प्रणाली आणि शक्य तर नाविक, असे अनेक संकेत ऐकणारे घ्यावे.

आपल्या किनाऱ्यावर या तंत्राला दुसरी बाजूही आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे 'कुबेर' या मासेमारी नौकेचे अपहरण करून आले. तिच्यावर जीपीएस यंत्र सापडले. त्यानंतर प्रत्येक खलाशी ओळखपत्रांच्या आणि तपासणीच्या व्यवस्थेत आला. उत्तरेला सर क्रीकपाशी सागरी सीमेचा वाद आजही मिटलेला नाही. गुजरातच्या नौकांवर कामाला जाणारे पालघर-डहाणूचे खलाशी पाकिस्तानच्या तुरुंगात जातात. नोव्हेंबर २०२१ मध्ये 'जलपरी' नौकेवर झालेल्या गोळीबारात पालघरच्या वडराईचा एक खलाशी मारला गेला. पाण्यावर रेघ काढलेली नसते. तिकडे जाणाऱ्याला पडद्यावर ती रेघ दिसणे आणि ती जवळ येताच भोंगा वाजणे ही चैनीची गोष्ट नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. त्याला मी उत्तर देण्याऐवजी चार प्रश्न विचारले.

पहिला, किती वाव पाण्यात जातोस? तो म्हणाला, फार तर वीस. म्हणजे ३५-४० मीटर. ५० किलोहर्ट्‌झची लहर ३ सेंटिमीटर लांब. ती खोल जाते, पण बारकावे पुसते. २०० किलोहर्ट्‌झची साडेसात मिलिमीटर. ती फार खोल जात नाही, पण तळाला चिकटलेला मासा तळापासून वेगळा दाखवते. वीस वावांना २०० पुरेसे आहे. खोल समुद्राच्या मोठ्या ट्रान्सड्युसरचे पैसे वाया जातील. अनेक वारंवारता एका स्पंदात सोडणारे, 'चर्प' नावाचे तंत्र परवडत असेल तर उत्तम. त्याने बारकावा आणखी वाढतो.

दुसरा, झोत किती रुंद? २० अंशांचा झोत ३० मीटर खोलीवर केवळ साडेदहा मीटर व्यासाचे वर्तुळ पाहतो. दहा मीटरवर साडेतीन मीटर. पडदा रुंद दिसतो म्हणून यंत्र आजूबाजूला पाहते असे नाही. पडद्याच्या डावीकडे असते ते होडीच्या डाव्या बाजूचे पाणी नव्हे. तो थोड्या वेळापूर्वीचा प्रतिध्वनी असतो. पडद्यावर इतिहास सरकत असतो, नकाशा नव्हे.

तिसरा, ट्रान्सड्युसर कोठे बसवणार? पंख्याजवळचे बुडबुडे म्हणजे हवा, आणि हवेवर ध्वनी परततो. महागडे यंत्र चुकीच्या जागी बसविले तर ते फक्त फेस दाखवते. पैसे पडद्याच्या आकारावर घालण्याआधी चांगल्या बसवणीवर, खारे पाणी आत न जाणाऱ्या जोडण्यांवर आणि भर उन्हात वाचता येणाऱ्या पडद्यावर घालावेत.

चौथा, दोन्ही कामे एकाच पेटीत असावीत का? सोय मोठी आहे. चांगली जागा सापडताच बटण दाबून ती नोंदवता येते. खोली आणि स्थान एकत्र राहतात. हैदराबादची इन्कॉइस संस्था समुद्राचे तापमान आणि हरितद्रव्य उपग्रहावरून पाहून संभाव्य मासेमारी क्षेत्राचा सल्ला विनामूल्य देते, तो दिशा, अंतर आणि खोली या भाषेतच असतो. अशा पेटीवर तो थेट वापरता येतो. परंतु बॅटरी गेली तर डोळा आणि वाट दोन्ही एकदम जातात. म्हणून होकायंत्र आणि मोबाइलमधील वेगळी नोंद हवीच. आणि हो, ओळंबाही.

एक गोष्ट मात्र मी त्याला निवडू दिली नाही. जीपीएस तुझी जागा तुला सांगते, इतर कोणालाही नाही. हा फरक आपल्या किनाऱ्याने फार महागात शिकलेला आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली. मुंबई काही मैलांवर होती, पण बोटीवर वायरलेस नव्हता. शहराला कळायला तासन्‌तास गेले. ६०० हून अधिक माणसे बुडाली. जे वाचले त्यांतील अनेकांना रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतून काढले. सत्तर वर्षांनी, २०१७ च्या ओखी वादळात, केरळ आणि तमिळनाडूच्या नौकांना समुद्रात इशारा पोहोचला नाही. डिसेंबरच्या आरंभी ६८ नौका आणि ९५२ मच्छीमार सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला सुखरूप लागले, तेव्हा कुठे घरी कळले की ते जिवंत आहेत. अनेक जण कधीच परतले नाहीत. पालघरला सुरू झालेली ट्रान्सपाँडरची योजना या दोन घटनांचे उशिरा आलेले उत्तर आहे. म्हणून त्याला म्हटले, फिशफाइंडर एक पायरी स्वस्त घे. पण ट्रान्सपाँडरसाठी मत्स्यव्यवसाय खात्याकडे नाव नोंदव आणि जीवरक्षक जॅकेट विकत घे.

शेवटी एक शंका त्याच्याकडून आली, तिचे उत्तर माझ्याकडे अजून पूर्ण नाही. तो म्हणाला, "सगळ्यांनीच हे बसवलं तर मासळी उरेल का?" ज्या न्यूफाउंडलंडजवळ फेसेंडेन यांनी हिमनगाचा प्रतिध्वनी ऐकला, तेथेच जुलै १९९२ मध्ये कॉडची मासेमारी बंद करावी लागली, शतकानुशतके चाललेली मासळी मोठ्या ट्रॉलरांनी आणि त्यांच्या शोधयंत्रांनी काही दशकांत संपवली. पूर्वी समुद्राचा अंधार हाच माशाचा आसरा होता. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलैची बंदी आहे, १९८१ चा राज्याचा कायदा आहे, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर २०१७ पासून केंद्राची बंदी आहे. तरी पर्ससीन आणि पारंपरिक मच्छीमारांचा झगडा प्रत्येक हंगामात पेटतो. त्याने यंत्र घेतले नाही तर मासळी वाचेल, असे मी म्हणू शकलो नाही. मोठ्या नौकांवर याहून कितीतरी समर्थ यंत्रे आहेत. मी एवढेच म्हणालो की पडद्यावर लहान मासळीचा दाट थवा दिसला आणि तो तू सोडलास, तर त्याची जागाही नोंदवून ठेव. पुढच्या वर्षी पाहा.

त्याने २०० किलोहर्ट्‌झचे मधल्या किमतीचे यंत्र घेतले आहे. ट्रान्सपाँडरसाठी अर्ज दिला आहे. वाचकांत कोणी किनाऱ्यावरचे असतील आणि त्यांच्या नौकेवर ट्रान्सपाँडर बसला असेल, तर तो प्रत्यक्षात कसा चालतो हे येथे अवश्य लिहावे. कोहक्यात बसून मला तेवढेच कळत नाही, आणि हर्णैचा तो मुलगा हे वाचणार आहे.